बंदुकीचा वाटा

ऐका. आधी त्यो ओंडका म्होरं सारा, जाळ नीट होऊ दे. आन् मागं बसल्याली म्होरं सरका. मला वरडून सांगायला लावू नगा, खोकला हाय मला. मधीच कुनी "खरं का, आजा?" म्हनून इचारायचं न्हाई. मला जसं ठावं हाय तसं सांगतो.

शिमग्याचं दिस हुतं. होळी होऊन गेल्याली, चांद उशिरा उगवायचा. अंधार पडला, खालच्या गावातली दारं लागली, आन् हैबती सपकाळ घरातनं भाईर पडला. खांद्यावर गवताची पेंढी. आता मला सांगा, रातच्याला गवताची पेंढी घिऊन मानूस कुटं जातो? जनावरं गोठ्यात, आन् ह्यो गवत घिऊन सड्याकडं, वरच्या कातळमाळाकडं, निघाल्याला! पेंढीच्या आत गोधडी हुती. गोधडीच्या आत बंदूक हुती. मोडल्याली बंदूक.

हैबती म्हंजी खालच्या गावचा नेमबाज. त्येच्याकडं बापाची ठासनीची दुनळी हुती, शिसवी दस्त्याची. दारू ठासायची, छर्रा घालायचा, टोपी बसवायची, आन् धाड! गावात बंदुका आनिक हुत्या, पन हैबतीच्या बंदुकीचा थाट येगळा. दसऱ्याला तिला हार. शिमग्याला तिला गुलाल. आन् शिकार पडली की तिला वाटा.

व्हय, बंदुकीला वाटा! हसू नगा रं. रीतच हुती तशी. सड्यावर झऱ्याच्या कडंला त्यो सपाट कातळ हाय न्हवं, तितं शिकार वाटायची. पळसाची पानं मांडायची, मटनाचं समान वाटं घालायचं. एक पान देवीचं. एक पान बंदुकीचं. मंग मानसागनिक एकेक पान. आपली वरच्या धनगरवाड्याची मानसं रान उठवत, काट्यातनं रक्ताळत खाली येनार, त्येंला एकेक पान. आन् बंदूक नुसती झाडाला टेकून उभी, तिला बी एक पान! मानूस आन् बंदूक एका मापानं. त्या वक्ताला बी कुनाला त्यात वावगं वाटलं न्हाई, आपल्याला सुदिक न्हाई.

आन् वाटायची रीत अशी. एकानं पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं एका पानावर बोट ठिवायचं आन् इचारायचं, "ह्यो कुनाचा?" पाठ केलेल्यानं एक नाव घ्यायचं. नाव घेतलं की त्यो वाटा त्येचा. मंग कुनी तोंड वाकडं करायचं न्हाई, भांडान न्हाई. अजून एक रीत सांगतो, ती नीट ध्यानात ठिवा. ज्येनं हाका, म्हंजी रान उठवायचं काम, अर्ध्यात सोडला, त्येला वाटा न्हाई. हाक्याला उतरला आन् मधनंच निसटला, त्यो मानूस कामातनं गेला. म्होरल्या सालाला त्येला कुनी बोलवायचं बी न्हाई.

आता धाकूचं सांगतो. धाकू झोरे, आपल्याच वाड्यातला. ह्यो जो पलीकडं पडका चौथरा हाय, ते त्येचं घर. उंचापुरा, आन् आवाज आसा की वरनं हाळी दिली की खालच्या गावात बाया दारात येऊन बगायच्या. हाक्यातला एक नंबरचा मानूस. अंगात ताप घिऊन उतरलाय त्यो, पायात काटा मोडलाय तसाच उतरलाय. धाकूनं कवा हाका सोडला न्हाई. कवाच न्हाई!

ह्या रातीच्या आदल्या सालाला शिकारीच्या दिशी आपला समदा वाडा लग्नाला गेल्याला, वरच्या अंगाला. धाकूची म्हस व्यायला झाल्याली, म्हनून त्यो मागं ऱ्हायला. खालनं सांगावा आला, हाक्याला चल. गेला. गावातली पोरं आन् हा एकटा धनगर. डुक्कर उठलं. हैबतीनं एक बार टाकला, डुक्कर पडलं. तेवढ्यात बाजूची कारवीची जाळी हालली. हैबतीला वाटलं, दुसरं डुक्कर. म्होरं-मागं न बगता दुसरा बार टाकला.

कारवीतनं डुक्कर आलं न्हाई. धाकू आला. चार पावलं चालला आन् खाली बसला. बसला त्यो उठलाच न्हाई.

चूक झाली. चूक हुती कुनाच्या बी हातनं. हैबतीनं तवाच वाड्यात येऊन ठकीचं, म्हंजी धाकूच्या बायकूचं, पाय धरलं असतं तर आज ही गोष्ट झालीच नसती. पन गावचा अंतू पाटील बसला आन् त्येनं इचार केला. पोलीस येतील, समद्यांच्या बंदुका जातील, हैबतीला बेड्या पडतील. मंग ठरलं. धाकूला उचलला, कड्याखाली न्हेऊन ठिवला, जितं मधाची पोळी आसत्यात तितं. आन् सांगितलं, धाकू हाका अर्ध्यात सोडून मधाला गेला आन् कड्यावरनं पडला. ठकीला नुसतं तोंड दावलं, बाकी अंग घोंगड्यात गुंडाळल्यालं. उन्हाचं दिस म्हनून त्याच सांजला माती दिली. आपली मानसं लग्नावरनं आली तवा समदं उरकल्यालं.

आन् त्याच सांजला डुक्कर बी वाटलं! त्याच कातळावर. देवीचं पान निघालं. बंदुकीचं पान निघालं. त्याच बंदुकीचं! धाकूचं पान न्हाई निघालं, कशापायी, तर हाका अर्ध्यात सोडला.

ठकी त्यापायी तान्हं लेकरू कडंवर घिऊन खाली गेली हुती. मटनासाठी न्हवं, लेकानु. ती म्हनली, "पाटील, मानूस गेला ते माजं नशीब. पन हाका सोडला म्हनू नगा. त्येनं सोडला नसंल. तेवढा एक वाटा त्येच्या नावानं काढा, मी कुत्र्याला घालीन, पन काढा." अंतू पाटील म्हनला, "रीत मोडता येत न्हाई, बाई."

तर ते एक साल झालं. आता ह्या रातीकडं या.

दुसऱ्या दिशी सकाळी शिकार. सकाळी समद्या बंदुका देवीम्होरं ठिवायच्या, गाऱ्हानं घालायचं, आन् मंग रानात कुनी कुटं बसायचं ते ठरायचं. हैबती सांजच्याला बंदुकीला तेल लावत बसल्याला. गोठ्याच्या मेढीला ती टेकवली आन् फडकं आनाया आत गेला. गोठ्यातला खोंड उधळला, दावं तोडून भाईर आला, बंदूक आडवी पडली आन् खोंडाचा पाय बरोब्बर दस्त्यावर. कडाड! चापाच्या मागं दस्ता मोडला. मान पिरगाळलेल्या कोंबडीवानी लोंबाय लागला.

हैबतीनं ती पटदिशी गोधडीत गुंडाळली. बंदूक मोडली ह्येचं दुख हुतंच. पन खरं भ्या येगळं हुतं. शिकारीच्या आदल्या सांजला त्याच बंदुकीची मान मोडली हे गावाला कळलं, तर मानसं काय म्हनतील? म्हनतील, धाकूनं मोडली. आन् एकदा का धाकूचं नाव तोंडात आलं, की झाकल्यालं समदं उघडं पडायचं. म्हनून कुनाला सांगायचं न्हाई, रातीत सड्यापल्याड पेठंत जायचं, इसाक शिकलगाराला उठवायचं, पितळी पट्टी मारून घ्यायची आन् दिस उगवायला माघारी. बायकू म्हनली, "गाडीवाटंनं जावा, लांबचं असंना." हा म्हनला, "गाडीवाटंला मानसं भेटत्यात." आन् सड्याची वाट धरली. मानसं चुकवायला गेला!

चढ चढला. रान गपगार. रातकिडं सुदिक न्हाईत. आन् वरनं, लई लांबनं, हाळी आली.

"हा ऽ ऽ हुर्रे ऽ ऽ!"

हैबती थांबला. रातचा हाका कोन घालतंय? कान दिला. काय न्हाई. म्हनला, कुनी तरी म्हशीला हाळी देत आसंल. चालाय लागला. पुन्ना हाळी. आता वाईच जवळ. उजव्या अंगाला. मंग डाव्या अंगाला. मंग मागं! हाळ्या देत देत कुनी तरी त्येला म्होरं ढकलत चालल्यालं. आपन डुकराला कसं रेटत आनतो, तसंच.

हैबतीनं पाय उचलला. म्होरं वाटंवर एक पळस लागला. पळस मागं टाकला. वाईच गेला, तर म्होरं पळस. त्योच! त्योच वाकडा बुंधा. मागं टाकला. पुन्ना म्होरं. "चकवा हाय," म्हनला मनात, आन् गपचिप खाली बसला, वहाना उलट्या घातल्या, आपल्यात करत्यात तसं. उठला. पळस न्हाई. वाट मोकळी. वाटलं, सुटलो.

सुटतो कसला? खांद्यावरची पेंढी जड व्हाय लागली. आधी लाकडाएवढी. मंग पोत्याएवढी. मंग आशी जड की कंबार वाकली. आन् मानंवरनं काय तरी गरम ओघळ पाठीवर उतराय लागला. हैबतीनं पेंढी धाडदिशी खाली टाकली, हात लावला. कोरडं गवत. पाठीला हात लावला. कोरडी. खांद्यावर घेतली, की पुन्ना जड, पुन्ना ओघळ. त्येला ते वजन ठावं हुतं, बरं का. एक साल झालं हुतं, पन खांदा इसरत न्हाई. मेलेला मानूस कड्याखाली न्हेताना म्होरलं टोक त्येच्याच खांद्यावर हुतं.

माघारी फिरला आसता तर? फिरता येईना! मागं हाळी.

आन् मंग म्होरं उजेड दिसला. झऱ्याच्या कडंला, कातळावर, जाळ केल्याला. जाळाम्होरं घोंगडं पांघरून कुनी तरी पाठमोरं बसल्यालं. कानसीचा आवाज येत हुता, खर्र खर्र. हैबतीला देव भेटल्यागत झालं.

"कोन हाय?" म्हनला.

"मिस्त्री हाय." मान न वळवता म्हनला. "इसाककडं निघालाईस न्हवं? इसाक घरी न्हाई. काय मोडलंय?"

आता शाना मानूस असता तर म्हनला असता, तुला कसं ठावं, मोडलंय म्हनून? पन दमल्याला मानूस, भ्याल्याला मानूस. त्येला दुरुस्ती पायजे हुती. म्हनला, "दस्ता मोडलाय. खोंडानं पाय दिला. सकाळच्या आत हुईल का?"

"हुईल की. आन हिकडं."

मिस्त्रीनं बंदूक घेतली. आन् काय हात रं त्येचा! अंधारात पेच काढत हुता. जुनी बंदूक, पेच गच्च बसल्यालं, पन एकेक पेच लोन्यातनं काढल्यावानी निघत हुता. पयलं नळ्या सोडवल्या. हैबती बगत बसला. मिस्त्रीनं कडंचं एक पळसाचं पान ओढलं, कातळावर ठिवलं, आन् त्यावर नळ्या ठिवल्या.

हैबतीला वाटलं, धूळ लागू नये म्हनून.

मंग घोडं काढलं. दुसरं पान. मंग चाप. तिसरं पान. मंग गज. मंग मोडल्याला दस्ता, एक तुकडा ह्या पानावर, दुसरा तुकडा त्या पानावर. वळीनं पानं मांडत चाललाय. हैबती जाळाजवळ सरकला, थंडी वाजत हुती. हात म्होरं केलं. जाळाला ऊब न्हाई! हात पार जाळात घातला. काय न्हाई. गार.

तवा त्येनं त्या पानांकडं नीट बगितलं. वळीनं मांडल्याली पळसाची पानं, त्याच कातळावर. असं कवा मांडत्यात ते त्येला ठावं हुतं. आन् वळीच्या शेवटाला एक पान रिकामं.

"मिस्त्री," हैबती म्हनला. "ह्या पानावर काय ठिवायचं?"

मिस्त्री उठला. उठला त्यो उठतच गेला, उंचापुरा. हैबतीकडं तोंड केलं. तोंड घोंगड्याच्या खोळीत, दिसत न्हवतं. पन घोंगड्याला छातीशी भोक पडल्यालं. आन् त्या भोकातनं, ऐका, त्या भोकातनं पल्याडचा जाळ दिसत हुता. आरपार.

"पाठ कर," म्हनला.

"धाकू..." हैबती म्हनला.

"नाव घ्यायची येळ अजून आली न्हाई. पाठ कर. वाटा करायचाय."

हैबतीनं पाठ केली. न करून करतो काय? मागं पान वाजलं.

"ह्यो कुनाचा?"

"देवीचा," हैबती म्हनला. सवयीनं निघालं तोंडातनं.

"ह्यो कुनाचा?"

"पाटलाचा."

"ह्यो कुनाचा?"

"माजा."

"ह्यो कुनाचा?"

"बंदुकीचा."

मागनं हसल्यागत आवाज झाला. आन् खरं सांगू का, त्या हसन्याचं मला जास्ती भ्या वाटतं, भुतापरास. बंदूक तुकडं करून पानावर मांडलीया, आन् ह्यो मानूस बंदुकीच्या तुकड्यात बी बंदुकीचा वाटा काढतोय!

एकेक पान झालं. नावं घेतली. गावातलं ज्येनं ज्येनं धाकूला उचलला हुता त्येंची समद्यांची नावं झाली. शेवटचं पान ऱ्हायलं. रिकामं. मागं कुनी तरी अगदी मानंजवळ वाकलं. त्येच्या श्वासाला रानातल्या मातीचा वास.

"ह्यो कुनाचा?"

हैबतीनं कातळावरनं म्होरं सरकाया बगितलं.

"ह्यो कुनाचा?"

"मा... माजा," म्हनला. भ्यानं म्हनला, दुसरं काय सुचंना.

आन् तसा त्येच्या मानंला हात पडला! गार हात. मागं ओढलं, त्या रिकाम्या पानाकडं. पाय घसटत चाललं. कातळावर नखं रुतवली, नखं तुटली. "तुजा हाय न्हवं? मंग ये की. तू घातल्याशिवाय त्यो भरनार कसा?"

"न्हाई, न्हाई! धाकूचा! धाकूचा हाय!"

हात थांबला.

"कंचा धाकू?"

"धाकू झोरे!"

"त्येनं तर हाका सोडला हुता."

"न्हाई सोडला! न्हाई सोडला रं बाबा! शेवटपातूर हुता!"

"मंग मेला कसा?"

"म्या मारला! कारवी हालली आन् म्या बार टाकला! म्या मारला!"

"मोठ्यानं म्हन. वर वाड्यात ऐकू जाऊ दे."

आन् हैबती बोंबलला. छाती फुटंस्तवर बोंबलला. "धाकू झोऱ्यानं हाका सोडला न्हाई! म्या मारला! धाकूचा वाटा हाय!" पुन्ना पुन्ना. सड्यावरनं आवाज दोन्ही अंगाला गेला. खालच्या गावात गेला, कुत्री उठली. वर आपल्या वाड्यात आला. म्या सोता ऐकला. तवा म्या जवान हुतो, ह्याच वसरीत निजल्यालो. ठकी उठून अंगनात येऊन उभी ऱ्हायली. डोक्यावर पदर घेतला, जसं कारभारी घरी आल्यावर बाया घेत्यात. नुसती ऐकत हुती.

मानंवरचा हात सुटला. हैबती पळाला. वाट बगितली न्हाई, कारवीतनं, काट्यातनं, गडगडत, कपाळ फुटल्यालं, वहाना गेल्या. पेठंत इसाकच्या दारात जाऊन पडला तवा तांबडं फुटत हुतं. इसाकनं पानी पाजलं. इसाकला त्येनं समदं सांगितलं, रडत सांगितलं. म्या पुढं कवा तरी कोयती लावाया गेल्यालो तवा इसाकनं मला सांगितलं. जीव वाचला त्येचा. भूत त्येला जित्ता सोडून गेलं, फकस्त खरं बोलवून गेलं.

हितं गोष्ट संपायला पायजे हुती. चांगली संपली असती. पन भुतापल्याडचं पुढं हाय, ते ऐका.

सकाळी खालची मानसं कातळावर गेली. आपन बी गेलो, ठकी समद्यांच्या म्होरं. कातळावर बंदुकीचं तुकडं पानापानावर मांडल्यालं. शेवटचं पान रिकामं. राख बी न्हाई, जाळ केल्याची खून बी न्हाई. हैबतीला पेठंतनं आनला. समद्यांनी ऐकल्यालं, बरं का! दोन्ही अंगाच्या मानसांनी. आता नाकारायला काय उरलं?

अंतू पाटील पानांकडं बगत ऱ्हायला. मंग म्हनला, "हैबती, रातचं कोन वरडलं?"

हैबतीनं ठकीकडं बगितलं. तिच्या डोळ्यात काय हुतं ते मी सांगत न्हाई. एक साल ती ह्या एका बोलासाठी जगली हुती. त्येला नुसतं "मी" म्हनायचं हुतं. रातीत हज्जारदा म्हनला हुता.

"भूत वरडलं," हैबती म्हनला. "माज्या आवाजात."

ठकी म्होरं झाली. म्हनली, "पाटील, भूत तर भूत. पन ते बोललं ते खरं का खोटं?"

अंतू पाटील म्हनला, "भुताचं बोलनं कुनी खरं धरत न्हाई, बाई. जा घरी."

झालं! ज्येनं खरं बोलवून घेतलं त्येलाच भूत ठरवून मोकळं झालं. मानसानं सांगितलं आसतं तर पंच बसलं आसतं, न्याय करावा लागला आसता. भुताला काय, नारळ द्यायचा आन् उतारा टाकायचा. दिला त्येंनी नारळ. ठकीला त्यातली एक भकल बी दिली न्हाई.

बंदुकीचं तुकडं गोळा करून इसाककडं न्हेलं. इसाक पयलं न्हाई म्हनला, मंग पाटलानं दटावला, त्येचं बी पोट हाय. दस्ता सांधला, वर पितळी पट्टी मारली, पेच बसवलं. आन् शिकार दुसऱ्या आठवड्यात केलीच! डुक्कर पडलं. त्याच कातळावर पानं मांडली. ठकी तितं जाऊन उभी ऱ्हायली, येगळी, झऱ्याच्या कडंला. आन् त्या दिशी पाठ करून कोन बसला हुता? हैबतीच. भ्या घालवायचं म्हनून पाटलानं मुद्दाम बसवल्याला.

पानं संपत आली, एकच ऱ्हायलं; त्यावर धाकूचं नाव घ्यायचं का बंदुकीचं, ते हैबतीच्या हातात. अंतू पाटलानं बोट ठिवलं. "ह्यो कुनाचा?"

हैबतीच्या मागंच ठकी उभी. त्येला दिसत न्हवती, पन ती आलीया हे त्येला सांगितल्यालं. गावातली मानसं मान खाली घालून उभी. आपली मानसं उभी. झऱ्याचं पानी तेवढं वाजत हुतं.

"बंदुकीचा," हैबती म्हनला.

ठकी तिथनं गेली. घरी आली, पन थांबली न्हाई. म्हशी सोडल्या, लेकराला पाठीशी बांधलं आन् माहेरच्या वाड्याला गेली, ती पुन्ना ह्या डोंगराला आली न्हाई. घराचा चौथरा उरला.

त्या सालापासनं खालच्या गावानं सड्याच्या वाटंवर काटं टाकलं. समद्यास्नी सांगत्यात, रातच्याला त्या वाटंनं जाऊ नगा, तितं धाकूचं भूत हाय, ते पाठ करायला लावतं. मी बी तुमास्नी तेच सांगतो, जाऊ नगा. दिसाला बी जाऊ नगा. पन धाकूला भिऊन न्हवं. धाकूनं कुनाचं काय वाईट केलं? त्या कातळावर पाय ठिवला की कुनी तरी मागनं इचारनार, ह्यो कुनाचा, आन् तुमी भ्याला तर तुमच्या बी तोंडातनं बंदुकीचंच नाव निघंल. त्येचं मला भ्या वाटतं.

आता उद्या हाका हाय. पाटलाच्या नातवाचा सांगावा आलाय, तुमी समदी जानार, मला ठावं हाय. जावा. पन धाकूमागनं आपल्या वाड्यानं जी रीत पाडली ती मोडू नगा. हाक्यात उतरलं की नुसतं "हा हा" करू नगा. डाव्या हाताच्या गड्याचं नाव घिऊन हाळी द्या, त्यो त्येच्या डाव्या हाताच्याचं दिईल. नावं घेतच खाली उतरायचं. आन् एखाद्या नावाला उलट हाळी आली न्हाई, तर तितंच थांबायचं, समद्यांनी, रान तसंच सोडायचं आन् त्या गड्याकडं पळायचं. डुक्कर गेलं तर जाऊ दे.

चला, जाळावर माती टाका आन् निजा. पहाटं उठायचंय तुमास्नी.